पहिल्या रायफलीची दुर्बीण : स्वस्तांत कोणती घ्यावी?

भात निसवूं लागलें कीं भिवंडी तालुक्याच्या डोंगराकडील गांवांत रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कळपानें एका रात्रींत अर्धें खाचर तुडवून चिखल केलेला सकाळीं पाहिला, म्हणजे वर्षभराच्या श्रमांचें काय झालें तें ज्याचें त्यासच कळतें. अशा वेळीं घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो बंदुकीचा. मागील भाद्रपदांत वज्रेश्वरीच्या बाजूचे एक तरुण शेतकरी आमच्याकडे आले. घरीं वडिलांच्या नांवावर जुनी ठासणीची बंदूक आहे. ती नको, रायफल हवी, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. ते म्हणाले, "काका, रायफल घ्यावयाची ठरविली आहे. वर दुर्बीणहि बसवावयाची आहे. दोन-चार हजारांत चांगली कोणती मिळेल, तेवढेंच सांगा." तेवढेंच सांगावयास आम्हांस संपूर्ण दुपार लागली. हाच प्रश्न इतरांच्याहि मनांत असेल, म्हणून त्या दुपारचें बोलणें येथें थोडें व्यवस्थित करून देत आहों.

प्रथम कायद्याची गोष्ट. ती कंटाळवाणी खरी, परंतु तिच्यावांचून पुढचा सारा खर्च व्यर्थ जाण्याचा संभव आहे. १८७८ च्या जुन्या कायद्याच्या जागीं आलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम आज चालू आहे. त्याच्या १३ व्या कलमांत पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो ठासणीच्या बंदुकीसंबंधीं आहे. ठासणीच्या बंदुकीनें काम भागणार नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते, व तिची नळी २० इंचांहून आंखूड असतां कामा नये. आंतून आटे पाडलेल्या नळीची रायफल ह्या सवलतींत येत नाहीं. तिच्याकरितां निराळें सबळ कारण दाखवावें लागतें. त्याच कलमांत ·२२ बोअरच्या रायफलीचाहि उल्लेख आहे, पण ती मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या किंवा संघाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठीं. म्हणजे डुकरांचें कारण सांगून दुर्बिणीची रायफल मागावयास गेलेला शेतकरी बहुधा बारा बोअरची बंदूक घेऊन घरीं येणार. त्या बंदुकीच्या टोंकाला एक पितळी मणी असतो व चाळीस यार्डांच्या आंतील कामास तो पुरतो. तिच्यावर दुर्बीण चढविणें म्हणजे नांगरास घड्याळ बांधण्यासारखें आहे.

परवाना कोणाकडे मागावयाचा, ह्याचाहि आपल्या तालुक्यांत घोटाळा होतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत राहणाऱ्यांचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जातो. ग्रामीण हद्दींतील लोकांचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपलें गांव कोणत्या हद्दींत आहे तें आधीं पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावें, नाहींतर अर्ज एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत फिरत राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. अर्जदाराचें वय २१ वर्षें पूर्ण असावें लागतें.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हें तर पुष्कळांस ठाऊकच नसतें. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें संरक्षित आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या जनावराच्या बाबतींत त्याच कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें लेखी परवानगी मिळूं शकते, आणि महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रानडुक्कर व रोही ह्यांच्यासंबंधीं अशी परवानगी देण्याची पद्धतहि ठरवून दिली. तेव्हां आधीं वनक्षेत्रपालाकडे जाऊन सध्यांचा नियम काय आहे तो विचारावा. नुकसानभरपाईचा अर्जहि त्याच खेपेस, विलंब न लावतां करावा. तुंगारेश्वराच्या अभयारण्यांत मात्र बंदूक घेऊन पाऊलहि टाकूं नये.

आतां कायदा क्षणभर बाजूस ठेवूं. रायफल मिळाली असें धरलें, तरी ती भिवंडींत चालवावयाची कोठें? ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल आपल्याकडे पुष्कळांच्या ऐकण्यांत आहे. तिची गोळी मैल-दीड मैलाहून दूर जाते. अगदीं लहान समजली जाणारी ·२२ ची गोळीसुद्धां, नळी थोडी वर असतां, दीड मैलापर्यंत पोंचूं शकते. आपल्या आजोबांच्या वेळीं खाचराच्या पलीकडे माळ होता व माळापलीकडे रान होतें. आज काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली ह्या पट्ट्यांत गोदामांच्या पत्र्यांची ओळ लागली आहे. त्यांत रात्रपाळीचे हमाल असतात व बाहेर मालमोटारींखालीं चालक निजलेले असतात. समृद्धि महामार्ग २०२५ सालीं आमणें येथपर्यंत येऊन पोंचला, तेव्हां त्या बाजूसहि रात्रंदिवस वर्दळ आली. दुर्बिणींतून जनावर मोठें दिसतें. त्याच्या मागें काय आहे तें दिसत नाहीं. अंधाऱ्या रात्रीं भाताच्या ओंब्यांतून कांहीं हललें म्हणून चाप ओढणाऱ्यास शेजारच्या खाचराचा राखणदारहि तसाच हलतांना दिसेल. त्या तरुणास आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. त्याच्या शेताच्या पूर्वेस भावकीचाच माळा आहे.

मग पहिली रायफल कोणती? आमच्या मतें ४·५ मिलिमीटर नळीची हवेची रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें नळीचा व्यास ४·५ मिलिमीटरपेक्षां अधिक नसेल आणि छर्ऱ्याचा जोर २० जूलच्या आंत असेल, तर तीस परवाना लागत नाहीं. विकत घेतांना ओळख व पत्ता मात्र द्यावा लागतो. ह्या रायफलीनें डुक्कर मरत नाहीं, व मारण्याचा प्रयत्नहि करूं नये. जखमी होऊन तें झाडींत जाऊन कुजतें किंवा माणसावर उलटतें. भातावर उतरणारे पोपट, मुनिया, बगळे ह्यांवर छर्रा मारणें हाहि गुन्हाच आहे. त्यांच्याकरितां गोफण, डबा व बुजगावणें हींच साधनें बरीं. ही रायफल निशाण शिकण्यासाठीं आहे. ज्याला दहा मीटरांवर खात्रीनें निशाण लावतां येत नाहीं, त्यानें मोठ्या बंदुकीस हात लावूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

येथें आपल्या लोकांची गोष्ट सांगावीशी वाटते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्या २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें १० मीटर हवेच्या रायफलींत जगज्जेता झाला. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यानें २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. ह्या तिघांच्याहि रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या स्पर्धांच्या नियमांतच ती बसत नाहीं. मागें बारीक छिद्राची चकती व पुढें एक कडें, एवढ्यावर हा सारा व्यवहार चालतो. दहा मीटरांच्या निशाणावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हें ऐकून त्या तरुणानें आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलें. चाप हळू ओढणें, श्वास धरणें, दस्ता खांद्यास सारखा टेकविणें, हें साध्या माशीवर व खांचेवर शिकावें. दुर्बिणीनें हात स्थिर होत नाहीं. हात किती हलतो तें मात्र ती चौपट करून दाखविते, व नवशिका घाबरून चाप हिसकतो.

असें असतां दुर्बीण घ्यावीच कशाला? ज्यास चाळिशी लागली आहे त्याच्यासाठीं ती खरोखर उपयोगाची आहे. माशी-खांचेच्या रायफलीवर डोळ्यास तीन अंतरें एकदम पाहावीं लागतात: जवळची खांच, नळीच्या टोंकाची माशी व दूरचें निशाण. तरुण डोळा तें कसेंबसें साधतो. पन्नाशीच्या डोळ्यास खांच धुरकट दिसूं लागते. दुर्बिणींत फुली व निशाण एकाच पातळीवर येतात. म्हणून मुलानें वडिलांस दुर्बीण घेऊन द्यावी व स्वतः माशीवर शिकावें, असें आम्ही अर्धवट थट्टेनें म्हणालों. परंतु त्यांत तथ्यहि आहे.

दुर्बिणीवर अंक लिहिलेले असतात. "४ × ३२" म्हणजे वस्तु चौपट मोठी दिसते आणि पुढच्या कांचेचा व्यास ३२ मिलिमीटर आहे. "३–९ × ४०" म्हणजे तिपटीपासून नऊपटीपर्यंत बदलतां येते व पुढची कांच ४० मिलिमीटरची. दुकानांत नवख्याचा हात ह्या दुसरीकडे जातो, कारण नऊ हा आंकडा चारापेक्षां मोठा आहे. पण पुढच्या कांचेच्या व्यासास मोठेपणाच्या पटीनें भागलें, कीं डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास निघतो. पहिलींत तो ८ मिलिमीटर येतो, दुसरींत नऊपटीवर साडेचारहि नाहीं. संध्याकाळीं तरुण माणसाची बाहुली सुमारें ७ मिलिमीटरांपर्यंत उघडते, उतारवयांत पांचाच्या आसपास. तेव्हां सांजवेळीं नऊपटीची दुर्बीण काळोखी दिसते आणि चौपटीची उजळ. शिवाय बदलत्या पटीच्या दुर्बिणींत आंत अधिक कांचा व सरकणारे भाग असतात. त्याच किंमतींत ते भाग चांगले असणें शक्य नाहीं. दोन-चार हजारांत घ्यावयाचीच असेल तर स्थिर चौपटीची घ्यावी, हें आमचें ठाम सांगणें आहे.

पटीहून महत्त्वाची असून जिच्याकडे कोणीच पाहत नाहीं अशी एक गोष्ट आहे. प्रत्येक साधी दुर्बीण एका ठराविक अंतरासाठीं जुळवून कारखान्यांतून येते. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीस हें अंतर बहुधा १०० यार्ड असतें. ती दहा मीटरांवर वापरली, तर डोळा दुर्बिणीच्या मध्यावरून थोडा बाजूस गेला कीं फुली निशाणावरून सरकते. ३२ मिलिमीटर कांचेच्या दुर्बिणींत ही चूक जास्तींत जास्त किती होते त्याचा हिशेब आम्हीं केला. ती १४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर, येते. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यापुढें दीड सेंटिमीटर म्हणजे काय, तें वाचकांनींच पाहावें. ह्याची परीक्षा घरीं करतां येते. दुर्बीण उशीवर किंवा तांदळाच्या पोत्यावर पक्की टेकवावी, दहा मीटरांवरील खुणेवर फुली आणावी, व दुर्बिणीस न शिवतां नुसतें डोकें डावीकडे-उजवीकडे थोडें हलवावें. फुली खुणेवर जणूं चिकटून राहिली तर दुर्बीण त्या अंतरास योग्य. फुली पोहूं लागली तर नाहीं. हवेच्या रायफलीसाठीं पुढच्या कांचेजवळ फिरवावयाचें अंतराचें कडें असलेली दुर्बीण मिळते. थोडे अधिक पैसे पडले तरी ती घ्यावी. तिच्यावर दहा मीटरांचा किंवा यार्डांचा आंकडा आहे ना, तेवढें पाहावें, कारण कांहींचें कडें त्याहून पुष्कळ दूरच सुरू होतें.

दुसरी अडचण धक्क्याची. स्प्रिंगच्या हवेच्या रायफलीस धक्का कसला, असें म्हणणाऱ्यांत पूर्वीं आम्हीहि होतों. एका दुकानदारानें मोठ्या रायफलीची म्हणून एक दुर्बीण आम्हांस स्वस्तांत दिली. जी मोठीस चालते ती लहानीस चालेलच, असें तो म्हणाला व आम्हांसहि तें पटलें. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती टिकली. नंतर आंतील तार तुटून फुलीचा एक हात लोंबकळूं लागला. कारण मागाहून कळलें. गोळीची रायफल एकदांच मागें धक्का देते. स्प्रिंगच्या रायफलींत मात्र दट्ट्या पुढें धांवतांना रायफल मागें येते, व दट्ट्या नळीच्या मुखाशीं आदळून थांबतो तेव्हां तीच उलट पुढें झटका देते. साधी दुर्बीण मागच्या धक्क्यासाठीं बांधलेली असते. पुढच्या झटक्यास तिची तयारी नसते. म्हणून स्प्रिंगच्या हवेच्या रायफलीसाठीं बनविलेली, असें जिच्या खोक्यावर लिहिलेलें असेल तीच मागावी, आणि पावतीवर तसें लिहून घ्यावें. हवा आधींच भरून ठेवण्याच्या रायफलींत हा झटका नसतो, पण त्या रायफली महाग.

दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांत पैसे वांचवूं नयेत. तीं पातळ पत्र्याचीं असलीं तर उत्तम दुर्बीणहि निरुपयोगी होते. दुर्बिणीच्या नळीचा व्यास एक इंच आहे कीं ३० मिलिमीटर, तें पाहून त्याच मापाचीं कडीं घ्यावीं. हवेच्या रायफलीच्या पाठीवर साधारणपणें ११ मिलिमीटरांची खोबण असते. मोठ्या रायफलींची रुंद पट्टी निराळी, आणि एकीचीं कडीं दुसरीवर बसत नाहींत. स्प्रिंगच्या रायफलीवर कडीं मागें सरकत जातात, म्हणून पाठीवरच्या भोंकांत अडकणारी खिळी असलेलें कडें बरें. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळावे; एकच बाजू आवळली तर दुर्बिणीची नळी चेपते. डोळा मागच्या कांचेपासून तीन ते साडेतीन इंचांवर ठेवून सबंध वर्तुळ उजळ दिसेल, अशा जागीं दुर्बीण पक्की करावी.

मग जुळवणी. दुर्बिणीवरच्या दोन टोप्या काढल्या कीं दोन चकत्या दिसतात, एक वर-खालीं करण्याची व एक डावी-उजवी करण्याची. बहुतेकींची एक कट-कट म्हणजे कोनाचा पाव मिनिट. १०० यार्डांवर त्यानें छर्रा पाव इंच सरकतो, पण १० मीटरांवर अवघा पाऊण मिलिमीटर. दहा मीटरांवर छर्रा तीन सेंटिमीटर बाजूस पडत असेल, तर सुमारें चाळीस कट-कट फिरवावी लागेल. चार-पांच फिरवून "दुर्बीण बिघडली" म्हणणारे आम्हीं पाहिले आहेत. एक छर्रा मारून चकती फिरवूं नये; तीन मारावे, त्यांचा मध्य काढावा व मग फिरवावी. दुर्बीण नळीच्या वर सुमारें चार सेंटिमीटर बसते, म्हणून २५ मीटरांवर जुळविलेल्या रायफलीचा छर्रा ५ मीटरांवर जवळजवळ दोन सेंटिमीटर खालीं लागतो. तो दोष नव्हे. ज्या अंतरावर सराव करावयाचा त्याच अंतरावर जुळवावी, म्हणजे झालें. निशाणामागें दगडी भिंत नसावी, कारण छर्रा उलटून डोळ्याकडे येतो. चिंध्यांनीं व जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनीं ठासून भरलेली लांकडी पेटी उत्तम. छर्रे शिशाचे असतात. जेवणापूर्वीं हात धुवावे.

आपल्या कोंकणच्या हवेंत कांचेचा मोठा शत्रु दमटपणा. आषाढ-श्रावणांत कपाटांतल्या कातडी चपलेस जशी बुरशी चढते तशीच ती कांचेवरहि जाळें विणते, आणि एकदां आंतल्या कांचेवर चढली कीं स्वस्त दुर्बिणीची दुरुस्ती करण्यांत अर्थ नसतो. नायट्रोजन वायु भरून बंद केलेली दुर्बीण आंतून धुरकटत नाहीं. दुकानदार ती तशी आहे असें सांगेल. खात्री करावयाची तर घरीं आणल्यावर कोमट पाण्याच्या बादलींत टोप्या लावून क्षणभर बुडवावी. बुडबुडे निघाले तर त्याच दिवशीं परत करावी. परत घेण्याची बोली अर्थात् आधींच करून ठेवावी. पावसाळ्यांत ती कातडी पिशवींत ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावी व पंधरवड्यास एकदां पुड्या तव्यावर मंद आंचेवर सुकवून पुन्हां घालाव्या. कांच धोतराच्या सोग्यानें पुसण्याची आपल्याकडे खोड आहे. तीवर धुळीचा कण असला तर वरचा लेप ओरबाडला जातो. आधीं फुंकर मारून मगच मऊ कापड लावावें.

एक गोष्ट त्या तरुणास आम्हीं तीनदां सांगितली. रायफलीवरची दुर्बीण पाहणी करण्यासाठीं नाहीं. शेतांत पलीकडे कोण आहे हें तिच्यांतून पाहणें म्हणजे त्या माणसावर नळी रोखणें होय. पाहणीसाठीं दोन डोळ्यांची साधी दुर्बीण निराळी घ्यावी. ८ × ४० ची पुरे. तिच्यांत झोत ५ मिलिमीटरचा मिळतो, व दोन्ही डोळ्यांनीं पाहिल्यानें जनावर कीं माणूस तें लवकर ओळखतां येतें. दोन्ही घेण्याइतके पैसे नसतील, तर आमच्या मतें हीच आधीं घ्यावी. राखणीच्या माळ्यावर तिचा उपयोग रोज आहे.

दुकानांत गेल्यावर भिडेस पडूं नये. दुर्बीण बाहेर रस्त्याकडे धरून एखाद्या पाटीच्या अक्षरांवर पाहावी. कडेचीं अक्षरें मधल्यांइतकीं स्पष्ट नसतील, पण रंगाचे झालर-झालर पट्टे दिसतां कामा नयेत. चकत्या पुढें-मागें फिरवून प्रत्येक कट-कट हाताला स्वच्छ लागते का तें पाहावें. हळूच हलवून कानाशीं धरावी. आंत कांहीं खुळखुळलें तर दुसरी मागावी.

तो तरुण नवरात्रानंतर पुन्हां आला होता. वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना संपत आला होता, त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज त्यानें दिला होता. वनक्षेत्रपालाकडेहि जाऊन आला होता. गोठ्यामागें चिंध्यांची पेटी ठेवून हवेच्या रायफलीवर सराव चालू आहे, असें त्यानें सांगितलें. दुर्बीण घेतली का, असें विचारलें तेव्हां तो म्हणाला, दोन डोळ्यांची घेतली. दुसरी वडील आपल्यासाठीं बघून येणार आहेत.